बाईंच्या पगाराचं मैदान

करंजखोल धरणाखाली गेलं तेव्हा सरकारनं गावाला कसबा बावड्याच्या पलीकडं माळावर जागा दिली, आणि घरटी एकाला नोकरीत आधी घेऊ असा शब्द दिला. जागा मिळाली. पत्र्याची घरं उभी राहिली, डोंगरातली माणसं साखर कारखान्याच्या गाडीतळावर उसाच्या मोळ्या उतरवायला जाऊ लागली. नोकरीचा शब्द मात्र तसाच लोंबकळत राहिला, आणि त्याच्या आड इंग्रजी आलं.

करंजखोलची शाळा चौथीपर्यंत होती. वसाहतीत आल्यावर पोरं जवळच्या हायस्कुलात बसली, ती थेट अशा वर्गांत, जिथं बाकीच्या पोरांनी दोन-तीन वर्षं इंग्रजी गिरवलेलं. करंजखोलची पोरं मागच्या बाकावर बसून फळ्याकडं बघत राहायची. गणित, भूगोल कसंबसं ओढून न्यायची आणि इंग्रजीत मार खायची. इंग्रजी गेलं की दहावी गेली, आणि दहावी गेली की नोकरी गेली.

एकोणऐंशी सालच्या पावसाळ्यानंतर वसाहतीतली काही पोरं नोकरीच्या मुलाखतीला कोल्हापुरात गेली. त्यांच्याबरोबर मोठं माणूस म्हणून केरबा गेला होता. साहेब वाईट बोलला नाही. म्हणाला, "पुढच्या वेळी दहावी पास होऊन या."

पिराजीचा थोरला, जोतीराम, धीर करून म्हणाला, "बाकीचं समदं सुटलंय, सायेब. इंग्रजी तेवढं ऱ्हायलंय."

"मग पास कुठं झालास, बाळ?" साहेब म्हणाला आणि त्यानं पुढच्याला हाक मारली.

परत येताना पोरं एकमेकांच्या खोड्या काढत होती. केरबा त्यांच्या मागून चालत होता. तो स्वतः शाळेत गेलेला नव्हता. विशीत असताना तो कोल्हापुरात तालमीत राहिला होता, 'केरबा करंजखोलकर' म्हणून त्याच्या नावावर गावोगावची मैदानं भरत. आता चाळिशी उलटून गेली होती. मानेचा आणि खांद्यांचा आडवेपणा तेवढा उरला होता, आणि गाडीतळावर त्याचाच उपयोग व्हायचा. त्याला एकच मुलगी, बायडा. ती आठवीत होती. मागच्या बाकावर.

कोल्हापुरात गंगावेशीत अमीन शिंपी राहायचा. तालमीतल्या पोरांचे लंगोट तो शिवायचा, त्यामुळं केरबाचं त्या घरी जुनं जाणं-येणं. अमीनची मुलगी सलिमा इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, एका शाळेत टेंपररी शिकवत होती. केरबा सरळ तिच्यापुढं जाऊन बसला.

"बाई, आमच्या पोरास्नी इंग्रजी शिकवशीला काय? सांजचं."

सलिमानं त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी फुकट शिकवलं असतं, केरबाभाऊ. पण अब्बांना आता सुईत दोरा दिसत नाही. घर माझ्यावर आहे."

"फुकट नगंच," केरबा म्हणाला. "फुकटचं मास्तर आज येतंय, उद्या न्हाय. तुमचा पगार ठरवू. कसा द्यायचा ते मी बघतो की."

तेव्हा कोल्हापुरात धरणग्रस्तांसाठी काम करणारी एक संस्था होती, तिला परदेशातून मदत यायची. सलिमानं तिथं अर्ज केला. संस्थेचे लोक वसाहतीत आले, फिरले, चहा प्याले. वर्गाचा खर्च निम्मा आम्ही देऊ, म्हणाले, निम्मा लोकांनी उचलायला पाहिजे, म्हणजे लोकांना त्याची गरज आहे हे दिसेल.

वसाहतीचा पुढारी पिराजी. तो पाहुण्यांच्या तोंडावरच हसला. "गरज दिसाया आनखीन काय करायचं, पावणं? गाव बुडवून बसलोय की."

वर्गणी फिरली. बायकांनी डब्यातलं काढून दिलं. पण भरपाईचे पैसे पत्र्यांत आणि विटांत कधीच संपले होते, आणि गाडीतळावरची मजुरी हंगामाची. जमलं ते एका सत्रालाही पुरणार नव्हतं.

"मैदान घेऊया," केरबा बैठकीत म्हणाला. "तिकीट लावून. देवळाच्या कळसासाठी कुस्त्या घेत्यात, बाईंच्या पगारासाठी घेतल्या तर काय बिघडलं?"

लोकांना ते पटलं. इंग्रजीसाठी कोल्हापुरात कुणी पैसे दिले नसते, कुस्तीसाठी दिले असते. पण बघायला लोक यायचे तर शेवटच्या कुस्तीला नाव पाहिजे. नाव एकच होतं.

केरबाची बायको चिमणाबाई भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला. "तुमचं वय काय, अंग काय! पंधरा वर्सं झाली लांग सोडून."

"लढनार न्हाय गं. खेळनार. गैबीसंगं बोलून आलोय."

गैबी त्या वेळी तालमीतला वर चढणारा पैलवान होता. पहिला डाव त्याला केरबानं शिकवलेला, म्हणून तो त्याला आण्णा म्हणायचा. दोघांचं ठरलं होतं. अर्धा तास खेळायचं, लोकांना डाव-प्रतिडाव दाखवायचे, मग पंचांनी बरोबरीत सोडवायची.

"आणि तो चुकला तर?" चिमणाबाईनं विचारलं.

"गैबी?" केरबा हसला. "त्यो माझ्या हाताखालनं गेलाय."

माघात मैदान भरलं. माळावर कुस्तीचा हौदा खणला, मातीत ताक-लिंबू घालून ती मऊ केली, भोवती बांबू बांधून तिकिटाचं दार केलं. बावड्याची, शहराची, आसपासच्या गावांची माणसं आली. बायका कुस्ती बघायला जात नसत. चिमणाबाई, बायडा आणि सलिमा घराच्या जोत्यावर उभ्या होत्या. तिथून त्यांना माणसांच्या पाठी आणि वर उडणारी माती दिसायची. हलगी ऐकू यायची. लहान कुस्त्या संपल्या, केरबाचं नाव पुकारलं, आणि करंजखोलचं नाव एवढ्या मोठ्यानं कुणीतरी घेतलं म्हणून पिराजीसारखा माणूस रडला, असं नंतर लोक सांगायचे.

पुढं हौद्यात काय झालं, ते गैबीनं सांगितलं, तेच खरं धरायचं.

सुरुवात चांगली झाली. केरबाचा दम लवकर गेला, तरी हात आठवणीनं चालत होते. पण कोल्हापूरच्या माणसाला कुस्ती कळते. थोड्या वेळात मागून एक आरोळी आली, "नुरा हाय, नुरा!" ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा म्हणतात, आणि त्याच्याइतका मोठा अपमान नाही. मग चारी बाजूंनी ओरडा सुरू झाला. कुणी माती फेकली. दाराकडं गर्दी सरकली, "पैसं परत द्या!" म्हणून.

केरबानं गैबीच्या मानेत हात घातला होता. तसाच तो त्याच्या कानाशी बोलला. "गैबी, खरी लढ."

"न्हाय, आण्णा."

"पैसं परत गेलं तर बाई जाईल. लढ म्हनतो न्हवं!"

आणि वस्तादानं शिष्याला मारावी तशी त्यानं त्याच्या कानाखाली थाप मारली. लोक खूश झाले, हलगी चढली. गैबीला पंचवीसही नव्हती. वस्तादाचा शब्द मोडायचा नाही, एवढंच त्याला तालमीत शिकवलेलं. तो खरी लढला. पट काढून, दोन्ही पायांना मिठी घालून त्यानं केरबाला उचललं. केरबा सहज पाठीवर पडला असता आणि कुस्ती संपली असती. पण पाठ लागू द्यायची नाही ही सवय अंगात मुरलेली. त्यानं हवेतच अंग पिळलं आणि तो डोक्यावर आला. मान खाली दुमडली.

जोत्यावरच्या बायकांना आधी मोठा जल्लोष ऐकू आला. मग हलगी बंद पडली. चिमणाबाई पदर न सावरता धावत सुटली.

मानेखालचं अंग गेलं होतं. कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी होतं ते सगळं केलं. शेवटी त्यांनी चिमणाबाईला बाजूला घेतलं. "मुंबईला नेऊन बघा. तिथं काही होईल असं मी सांगत नाही. होणारच नाही असंही सांगत नाही."

मुंबईला न्यायला पैसे पाहिजेत, आणि वसाहतीत पैसे एकाच ठिकाणी होते. मैदानाचे. केरबाला घरी आणलं त्याच आठवड्यात त्याच्या खाटेभोवती सगळे बसले. पिराजी म्हणाला, "केरबा, ही तुझीच कमाई हाय. मुंबईला चल. वर्गाचं बघू फुडं." सलिमाही तेच म्हणाली.

केरबाचं फक्त तोंड चालत होतं. "डाक्टरनं सांगितलंय, नक्की न्हाय म्हनून. इंग्रजीचं नक्की हाय न्हवं, बाई? शिकीवलं तर येतंय न्हवं?"

सलिमानं चिमणाबाईकडं बघितलं.

"सांगा की."

"येतं," ती म्हणाली.

"मग झालं."

चिमणाबाई त्याच्या पायाशी बसली होती. तिनं त्याचे पाय धरले. ते त्याला कळत नव्हतं, म्हणून ती उठून त्याच्या तोंडापाशी आली. "माझ्यासाठी एक डाव चला. फुडं मी काय बी मागनार न्हाय."

"चिमणे, मी मुंबईत मेलो तर पैसं बी जातील नि मी बी. हितं मेलो तर नुसता मी जाईन."

तिनं त्याच्याकडं बघितलं आणि ती आत गेली. बैठक उठली तसा प्रत्येकजण तिच्या चुलीकडं न बघता बाहेर पडला.

वर्ग सुरू झाला. समाजमंदिराच्या शेडमध्ये चटया टाकल्या, संस्थेनं फळा आणि पुस्तकं दिली. सलिमा शाळा सुटल्यावर बसनं बावड्याला उतरायची आणि माळावरून चालत यायची. पहिले दिवस ती केरबाच्या घरावरून मान खाली घालून गेली. मग एकदा आतून त्यानंच हाक मारली, "बाई, कवा येता, कवा जाता, कळू तरी द्या!" तेव्हापासून ती आधी त्याच्याशी बोलून पुढं जायची. चिमणाबाई तिला पाट द्यायची, पाणी द्यायची. बोलायची नाही.

बायडा वर्गात जायची आणि घरी येऊन बापाच्या उशाशी पुस्तक वाचायची. त्याचा हट्टच होता तो. तो डोळे मिटून ऐकायचा, मधेच हसायचा. "आमची बायडी सायबिणीवानी बोलती," म्हणून आल्यागेल्याला सांगायचा. पण घरात काम दुप्पट झालं होतं. त्याला पुसायचं, कुशीवर वळवायचं, आईबरोबर मजुरीला जायचं. बायडाचा वर्ग बुडू लागला. तरी वाचायला बसायची, आणि येत होता तोच धडा पुन्हा वाचायची.

एका संध्याकाळी सलिमा दारात असतानाच केरबा म्हणाला, "बायडे, ह्यो परवाचाच धडा न्हवं?"

बायडा दचकली. "न्हाय आबा, नवा हाय."

"मला शबुद कळत न्हाईत गं, पर चाल कळती. हितं तू खाली उतरतीस, मग वर जातीस. परवा बी अशीच गेलतीस."

पोरगी मांडीवर पुस्तक घेऊन रडायला लागली. केरबाला तिचे डोळे पुसायला हात नव्हता. तो नुसता म्हणत राहिला, "ऱ्हाऊ दे. त्योच वाच. त्योच बेस हाय." सलिमा आत आली, बायडाजवळ बसली आणि तिनं पुढचा धडा स्वतः वाचून दाखवला. मग बायडानं वाचला, अडखळत. चुलीपाशी चिमणाबाई पाठमोरी होती. तिनं वळून बघितलं नाही.

गैबी रोज यायचा आणि बाहेर बसून परत जायचा. चिमणाबाईनं त्याला उंबरा ओलांडू दिला नव्हता. केरबा आतून त्याच्याशी बोलायचा, तालमीचं विचारायचा. गैबी बाहेरून उत्तरं द्यायचा. तालीम त्यानं त्या दिवसापासून सोडली होती, हे त्यानं केरबाला शेवटपर्यंत कळू दिलं नाही. आज किती जोर मारले, कुणाशी धरली, सगळं मनानं रचून सांगायचा.

पडून पडून पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या. चैत्रात केरबाला ताप आला आणि तापातच तो गेला. शेवटी तो करंजखोलच्या ओढ्याबद्दल काहीतरी बोलत होता, मग तेही थांबलं.

दिवस होऊन गेल्यावर, मे संपता संपता, सलिमा पुस्तकं घेऊन घरी गेली. शाळा उघडायला आली होती, बायडा नववीत जाणार होती.

"बाईंस्नी सांग," चिमणाबाई मुलीला म्हणाली, सलिमा समोर असताना, "बायडा यायची न्हाय."

"वहिनी, केरबाभाऊंनी तिच्यासाठीच..."

"तिच्यासाठी न्हवं. समद्यांसाठी. समद्यांची पोरं बसल्यात तिथं, बसू देत." आता ती थेट सलिमाकडं बघून बोलू लागली. "बाई, तुमच्यावर माझा राग न्हाय. तुमी पगार घेता, काम करता. पर मी गडी दिलाय. आता पोरगी न्हाय देत."

"तिची फी, कपडे, जे लागेल ते मी बघते. गैबी पण म्हणत होता..."

"त्याचं नाव काढू नगासा."

बायडा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. सलिमानं तिला विचारलं, "तुला यायचंय ना?" पोरीनं आईकडं बघितलं आणि मान हलवली. ती मान व्हय म्हणून हलली की नाही म्हणून, ते सलिमाला कधीच सांगता आलं नाही.

पुढच्या सुगीत बायडा आईबरोबर ऊसतोडीला गेली. त्याच्या पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं, पन्हाळ्याच्या बाजूला एका वाडीत, चांगल्या माणसाशी. माणूस चांगला होता हे खरंच. पण जमीन थोडी, आणि प्यायचं पाणीही लांबून डोक्यावरून आणायचं.

वर्ग तीन वर्षं चालला. पहिल्या वर्षी तिघंच पास झाली. दुसऱ्या वर्षी जरा जास्त, त्यात जोतीराम होता. त्याला धरणग्रस्त म्हणून एका सरकारी कचेरीत कारकुनाची जागा मिळाली. तो पेढे घेऊन आधी चिमणाबाईकडं आला आणि तिच्या पाया पडला.

"इंग्रजीत सुटलास?" तिनं विचारलं.

"व्हय काकू. काठावर."

"काठावर तर काठावर," ती म्हणाली. तिनं पेढा घेतला, आणि तो गेल्यावर खाल्ला.

नंतर संस्थेची मदत आटली. दुसरीकडं जास्त गरज आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि ते खोटंही नसेल. मैदानाचे पैसे संपत आले होते. गैबीनं म्हशी घेतल्या होत्या, गंगावेशीत तो धारोष्ण दूध विकायचा. त्यानं काही महिने एकट्यानं बाईंचा पगार दिला. सलिमाला ते समजलं तेव्हा तिनं घ्यायचं नाकारलं आणि तशीच येत राहिली. पण अमीन अंथरुणाला खिळला, आणि तिला गडहिंग्लजच्या शाळेत कायमची नोकरी मिळाली. ती गेली. शेडमध्ये ऊसतोडीवाल्यांनी आणलेलं वाडं, उसाच्या शेंड्यांचा चारा, रचलं जाऊ लागलं.

बायडा सासरी गेल्यावर चिमणाबाई घरात एकटीच होती. गैबी अजून यायचा. रोज नाही, आठवड्यातून एखादा वार. दारात दुधाचा तांब्या ठेवायचा, घटकाभर जोत्याच्या खाली बसायचा आणि जायचा. दूध ती शेजारच्या पोरांना द्यायची. तांब्या घासून परत ठेवायची.

वर्ग बंद पडल्याच्या दुसऱ्या वर्षी श्रावणात चार दिवस पावसानं उघडीप दिली नव्हती. गैबी डोक्यावर पोतं घेऊन आला, तांब्या ठेवला आणि पागोळीखाली उभा राहिला. आतून आवाज आला, "आत ये."

त्याला आधी कळलंच नाही.

"भिजतोयस. आत ये म्हनते न्हवं."

तो आला आणि उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून बसला. खाट होती ती जागा आता मोकळी होती, तिथं सरपण रचलेलं. गैबी त्या बाजूला बघत नव्हता. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"वैनी," तो म्हणाला, "त्या दिशी मी ऐकाया नगं होतं आण्णाचं."

चिमणाबाई चहाचं आधण ठेवत होती. तिनं तोंड फिरवलं नाही.

"तू ऐकलंस. पिराजीनं ऐकलं. त्या बाईनं बी ऐकलं. मी पाय धरलं आणि मी बी ऐकलं." तिनं फुंकणीनं जाळ वर आणला. "समदी गुणाची मानसं. तुझ्या आण्णास्नी एकानं तरी न्हाय म्हनायला पायजे होतं."

गैबी गुडघ्यांत मान घालून बसला.

"मी माझ्या जल्मात कुनाला न्हाय म्हटलं नव्हतं," ती पुढं म्हणाली. "एकदाच म्हटलं. पोरीला. तिथं व्हय म्हनायचं होतं."

"आजून बी..." गैबी बोलायला गेला आणि थांबला. बायडाला दुसरं मूल व्हायचं होतं.

"परवा आलती," चिमणाबाई म्हणाली. "एस्टी ष्टँडावरल्या जाहिरातीचं इंग्रजी वाचून दाखवत हुती लेकाला. मला म्हनती, आये, एवढं ऱ्हायलंय बघ माझ्याजवळ." ती थांबली. "मी काय बोलनार? म्हटलं, बरं हाय."

चहा झाला. तिनं दोन कपांत ओतला, एक त्याच्याकडं सरकवला आणि दुसरा हातात घेऊन त्याच्यापासून थोडी लांब बसली. गैबीचा कप तसाच पुढं राहिला, त्याचे हात मांडीवर पडून होते.

"घे," ती म्हणाली. "निवतोय."